चावी त्यांच्या हाती, जबाबदारीही त्यांचीच

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणायला जावं आणि सकाळी नसलेला ओरखडा मागच्या बंपरवर दिसावा. किंवा गाडी घरी आणून दोन दिवस होतात न होतात तोच इंजिनातून ठकठक ऐकू यावी. अशा वेळी बहुतेकजण एक तर काउंटरवर आवाज चढवतात, नाही तर ‘जाऊ दे, कोण मागे लागणार’ म्हणून गाडी काढून निघतात. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाचा कल बऱ्याचदा दुसऱ्या वाटेकडे असतो. कन्नड जेमतेम येतं, ऑफिसातून सुट्टी मिळत नाही, आणि कोर्टाची पायरी चढायची तर ती कोणत्या गावात, हेच ठाऊक नसतं. दोन्ही वाटांनी नुकसान आपलंच होतं. भरपाई मिळू शकते आणि कायदा ग्राहकाच्या बाजूने चांगला भक्कम आहे. पण त्या भरपाईचा पाया गॅरेजच्या फाटकातच घातला जातो. गाडी देताना आणि परत घेताना तुम्ही काय लिहून घेतलंत, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आधी कायद्याचं मर्म समजून घेऊ, कारण ते कळलं की बोलण्यात आपोआप बळ येतं. एखाद्या कामासाठी तुमची वस्तू कुणी ताब्यात घेतली, तर शहाण्या माणसाने स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेतली असती तेवढी त्याने तुमच्या वस्तूची घेतली पाहिजे, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. ठरलेल्या कामाबाहेर ती वस्तू वापरली, तर कलम १५४ प्रमाणे त्या वापरात झालेल्या नुकसानीला तोच जबाबदार. कबूल केलेल्या वेळेत त्याच्या चुकीने ती परत मिळाली नाही, तर त्यानंतरच्या हानीची जबाबदारीही कलम १६१ त्याच्यावरच टाकतं. हा कायदा दीडशे वर्षं जुना आहे, आणि गॅरेजला तो तंतोतंत लागू पडतो.

याच तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. १९९८ साली दिल्लीतल्या हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन पार्किंगसाठी कर्मचाऱ्याच्या हवाली केली आणि ती तिथून चोरीला गेली. गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवली आहे, असं पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतली आणि ती होती तशी परत दिली नाही, एवढं दिसलं की हलगर्जी झाली नाही हे दाखवण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर येते. स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील ओळीच्या आडून टाळता येत नाही. तुमच्या जॉब कार्डच्या मागे बारीक अक्षरांत ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं असेल, तर या निकालाचं नाव घ्या.

इथे एक फरक नीट ध्यानात ठेवा, पुढची सगळी तयारी त्यावर बेतावी लागते. नुकसान दोन जातीचं असतं. पहिल्या जातीत पोचा, ओरखडा, फुटलेली काच, ट्रायल घेताना झालेली धडक, चोरीला गेलेली स्टेपनी अशा गोष्टी येतात. गाडी आत गेली तेव्हा धड होती आणि बाहेर आली तेव्हा नव्हती, एवढं दाखवलं की तुमचं काम बहुतांशी झालं, पुढचा खुलासा गॅरेजने करायचा. दुसरी जात कामातल्या चुकीची. ऑइल भरताना चूक, टायमिंग बेल्ट चुकीचा बसवणं, चाकाचे नट सैल राहणं, चुकीच्या जागी जॅक लावून खालचा पत्रा दबणं, वॉशिंगच्या वेळी वायरिंगमध्ये पाणी जाणं. अशा वेळी बिघाड त्या कामामुळेच झाला हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि त्यासाठी जाणकाराचा लेखी अहवाल लागतो. पहिल्या जातीच्या तक्रारीत फोटो पुरतात. दुसऱ्या जातीत फक्त फोटोंवर विसंबलात, तर तक्रार लंगडी पडते.

पहिल्या जातीची तयारी गाडी देतानाच करायची. फाटकात उभं राहून गाडीभोवती एक फेरी मारत मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चारही बाजू, चाकांच्या रिम, काचा, छत, डिकीतली स्टेपनी आणि जॅक, आणि शेवटी डॅशबोर्डवरचं किलोमीटरचं रीडिंग आणि पेट्रोलचा काटा. हे सगळं मिनिटभरात होतं. जॉब कार्डावर गाडीचं जे छोटं चित्र असतं त्यावर आधीचे ओरखडे सर्व्हिस ॲडव्हायझर खुणेने दाखवतो. त्या खुणा बघूनच सही करा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. रस्त्याकडेच्या लहान गॅरेजात जॉब कार्ड नसतं. तिथे मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर ‘आज सकाळी दहाला गाडी दिली, क्लच बदलायचा आहे, अंदाजे खर्च अमुक’ असा निरोप पाठवा आणि त्याचं ‘ओके’ येऊ द्या. जे. सी. रोडवरून सुटे भाग तुम्हीच आणून दिले असतील, तर त्यांचं बिल तुमच्याकडे राहू द्या. नाही तर पुढे सगळा दोष त्या भागावर ढकलला जातो.

गाडी आत असतानाही पुरावा तयार होत असतो, फक्त तिकडे लक्ष हवं. समजा गाडी बोम्मनहळ्ळीच्या वर्कशॉपमध्ये उभी आहे असं तुम्हाला सांगितलंय, आणि रविवारी दुपारी तुमच्या मोबाइलवर होसूर रस्त्याच्या टोलवर फास्टॅगमधून पैसे कापल्याचा निरोप येतो. किंवा आठवड्याने ई-चलान येतं आणि कॅमेऱ्याच्या फोटोत तुमची गाडी कुणी तिसराच चालवताना दिसतो. हे निरोप पुसू नका. किलोमीटरचं रीडिंग आणि हा निरोप शेजारी ठेवला की गाडी परवानगीशिवाय फिरवली हे सिद्ध व्हायला वेगळा साक्षीदार लागत नाही, आणि मग वर सांगितलेलं कलम १५४ थेट लागू होतं.

गाडी परत घेताना मात्र घाई नको. अंधारात, पावसात, पाठीमागे हॉर्न वाजत असताना डिलिव्हरी घेऊ नका, दिवसाउजेडी जा. ‘काम समाधानकारक झाले’ अशा छापील ओळीखाली सही मागतात. नुकसान दिसलं तर त्याच कागदावर, सहीच्या वर, स्वतःच्या हाताने लिहा. शब्द साधे असू द्यात. ‘गाडी दिली तेव्हा मागचा डावा दरवाजा धड होता, आज त्यावर वीतभर पोचा आहे. हरकत नोंदवून बिल भरत आहे आणि गाडी ताब्यात घेत आहे.’ खाली तारीख, वेळ, रीडिंग. त्यांनी कागद दिला नाही तर तिथूनच, फाटकातूनच, फोटोंसह ईमेल करा. वर्कशॉपमधलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असंही त्याच ईमेलमध्ये लिहा. काही दिवसांत ते पुसलं जातं आणि मग त्यावर कुणाचाच इलाज चालत नाही.

नुकसान झालं म्हणून बिल अडवून धरण्याचा मोह होतो. पण केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला दिला आहे. पैसे अडवले की गाडी अडकते आणि पार्किंगचे पैसेही मागायला सुरुवात होते. म्हणून हरकत लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग भांडा. बिल मात्र पक्कंच घ्या. ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ ही सवलत घेतली तर १८ टक्के वाचतात आणि हातातला पुरावा जातो. बिल नसेल तर यूपीआयची नोंद तरी ठेवा. नव्या गाडीच्या ‘मोफत’ सर्व्हिसिंगमध्ये नुकसान झालं तरी कचरू नका. त्या सर्व्हिसिंगचे पैसे गाडीच्या किमतीतच घेतलेले असतात.

आता दुसऱ्या जातीकडे. ऑइल बदलताना इंजिनाच्या तळाचा ड्रेन प्लग काढतात. तो नीट आवळला नाही, किंवा त्याचे आटे झिजले, तर थेंब थेंब गळती सुरू होते. सकाळी पार्किंगच्या फरशीवर बशीएवढा काळपट डाग दिसतो. तो डाग पाहून गाडी सुरू करू नका. आणि रस्त्यात असताना डॅशबोर्डवर ऑइलच्या डब्याची लाल खूण पेटली, तर सिल्क बोर्डच्या गर्दीत का असेना, बाजूला घेऊन गाडी बंद करा. तसंच घर गाठण्याचा प्रयत्न केलात तर इंजिन सीझ होतं, आणि पुढे सुनावणीत पहिला प्रश्न येतो की इशारा दिसूनही गाडी का चालवली. नुकसान वाढू न देणं ही ज्याचं नुकसान झालंय त्याचीही जबाबदारी असते. डागाचा, डिपस्टिकचा, रीडिंगचा फोटो काढा, टोइंग बोलवा, त्याची पावती ठेवा.

यापुढच्या टप्प्यावर चांगल्या चांगल्या तक्रारी फसतात. चिडून माणूस गाडी थेट दुसऱ्या गॅरेजात नेतो, तिथे इंजिन खोललं जातं, भाग बदलले जातात आणि जुने भंगारात जातात. मग पहिलं गॅरेज म्हणतं, आम्हाला पाहूच दिलं नाही. म्हणून खोलण्याआधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. चार-पाच दिवसांची मुदत पुरे. ते आले तर उत्तम, नाही आले तरी तुमची बाजू स्वच्छ. तपासणीसाठी विमा नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र सर्व्हेअर लावा. कारण, खर्च आणि फोटो असलेला त्याचा अहवाल शेजारच्या मेकॅनिकच्या मतापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. काढलेला प्रत्येक भाग नाव-तारीख लिहून पिशवीत ठेवा. मूळ गॅरेज ‘आम्हीच दुरुस्त करून देतो’ म्हणालं तर नकार देण्याचं कारण नाही, पण काय बिघडलं, कुणाच्या कामामुळे, आणि दुरुस्तीवर किती दिवसांची हमी, हे आधी लिहून घ्या. नुसत्या तोंडी आश्वासनावर गाडी परत आत सोडू नका.

ट्रायलला नेलेली गाडी मेकॅनिकने ठोकली, तर गॅरेजवाला हमखास सुचवतो की तुमच्या विम्यातून करून घेऊ. विचार केल्याशिवाय हो म्हणू नका. तुमच्या विम्यावर दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. शिवाय सक्तीची वजावट तुमच्या खिशातून जाते. मोठ्या वर्कशॉपकडे अशा प्रसंगांसाठी स्वतःचा मोटर ट्रेड विमा असू शकतो, आधी तो आहे का ते विचारा. आणि काहीही झालं तरी ‘गाडी मीच चालवत होतो’ असं लिहून देऊ नका. तो खोटा दावा ठरेल आणि सगळं तुमच्यावर उलटेल. धडकेत कुणी जखमी झालं असेल तर पोलिसांत नोंद आणि विमा कंपनीला कळवणं दोन्ही त्याच दिवशी व्हायला हवं. १९८८ साली गोव्यातून आलेल्या एका खटल्यात गाडी दुरुस्तीला दिलेली असताना गॅरेजच्या माणसाकडून अपघात झाला होता. तरीही जखमी व्यक्तीला भरपाई देण्याची जबाबदारी मालकाच्या विमा कंपनीला टाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. गाडी तुमच्या नावावर आहे तोवर तुम्हाला पूर्णपणे बाजूला राहता येत नाही.

तक्रार वर कशी न्यायची? प्रथम वर्कशॉपचा व्यवस्थापक, मग गाडी बनवणाऱ्या कंपनीचा ग्राहक विभाग, दोन्हीकडे ईमेलने. सप्टेंबर २०२२ च्या बंगळुरूच्या पुरात बुडालेल्या एका फोक्सवॅगन पोलोची बातमी त्या वेळी सगळीकडे आली होती. गाडीची किंमत ११ लाखांच्या आसपास, आणि व्हाइटफील्डच्या वर्कशॉपने दुरुस्तीचा अंदाज दिला २२ लाखांचा. वर कागदपत्रांसाठी जवळपास ४५ हजार मागितले. मालकाने थेट कंपनीकडे धाव घेतली आणि ते प्रकरण ५ हजारांवर मिटलं. ॲपवरून काम दिलं असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

यासोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. फोन करून काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी एक घटना सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत दुरुस्तीला वैतागलेल्या एका तरुणाने इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम पेटवून दिलं. अटक त्याला झाली. पण त्याच कंपनीविरुद्ध, म्हणजे कोरमंगलात मुख्यालय असलेल्या ओला इलेक्ट्रिकविरुद्ध, लोकांनी वर्षभरात हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी नोंदवल्या होत्या. त्यांच्या बळावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली, आणि जवळपास सगळ्या तक्रारी सोडवल्याचं कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं.

एवढ्यावर भागलं नाही तर पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने, पोच राखून पाठवा. ती कायद्याने सक्तीची नाही, पण अनेक प्रकरणं याच पायरीवर मिटतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर आयोग ठरतो आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगाकडे जायचं असतं. दुरुस्तीचं बिल एवढं होतच नाही, म्हणून गाडी कितीही महाग असली तरी दार बहुधा तेच. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. बंगळुरू शहरासाठी एकाहून अधिक आयोग आहेत आणि त्यांतली काही कार्यालयं शांतिनगरच्या बीएमटीसी इमारतीत आहेत. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल होते, आणि सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातून व्हावी अशी विनंती करता येते.

आपल्या लोकांसाठी या कायद्यातली सर्वात मोलाची तरतूद म्हणजे कलम ३४. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथे तक्रार करता येते. दिवाळीला पुण्याला जाताना गाडी कोल्हापूरजवळ बंद पडली, तिथल्या गॅरेजने गिअरबॉक्स बिघडवून ठेवला आणि तुम्ही टो करून बंगळुरूला आणली, तर तक्रार बंगळुरूतच करा. कोल्हापूरच्या फेऱ्या नकोत. गाडीची नंबरप्लेट एमएचची आहे याने काही अडत नाही. फक्त त्या मेकॅनिकशी झालेलं मराठी बोलणं किंवा व्हॉट्सॲप पुरावा म्हणून देताना सोबत इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा, आणि मोबाइलमधल्या नोंदींसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडा. टॅक्सी चालवणाऱ्यांनीही मागे राहू नये. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेली गाडी ही कायद्याच्या नजरेत व्यापार नाही.

मागणी लिहिताना आकडा हवेत सोडू नका. दुसरीकडच्या दुरुस्तीचं बिल, टोइंग, सर्व्हेअरची फी, गाडी नव्हती त्या दिवसांची कॅबची बिलं, आणि मग मनस्ताप व खर्चापोटी बेताची रक्कम. ३० हजारांच्या नुकसानीला १० लाख मागणाऱ्याचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. गॅरेजसोबत कंपनीलाही पक्षकार करायचं असेल, तर कंपनीची नेमकी चूक काय ती लिहा. डीलरच्या कृत्याची निर्मात्याला माहिती होती हे दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या गोव्यातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, प्रयोगशाळेतली तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, हे मनाशी धरूनच चला. पण गॅरेजलाही वेळेचं बंधन आहे. उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतरचं उत्तर घेता येत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं आहे. निकालाविरुद्ध अपील करायचं तर त्यांना निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अधेमधे समेटाचा प्रस्ताव आला, तर रक्कम पटत असेल तर घ्या. मात्र तो लेखी असू द्या आणि पैसे खात्यात आल्यावरच तक्रार मागे घ्या.

आदेश हातात पडला आणि पैसे आले नाहीत, तर तिथे थांबू नका. त्याच आयोगाकडे कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज दाखल झाला की टाळाटाळ करणारेही बहुधा पैसे भरतात.